खाडीवर गेलो, पण कादंबरी आली नाही

वाचकाचं पत्र (ओळख पुसून, थोडक्यात)

मी ५३ वर्षांचा, पुण्यात नोकरी करतो. पस्तिशीच्या आसपास माझ्या पाच-सहा कथा दिवाळी अंकांत आल्या होत्या. नंतर बढत्या, बदल्या, मुलीचं शिक्षण यांत लिखाण मागे पडलं. गेली सात वर्षं एक कादंबरी लिहितोय: पेठेतला वाडा, तीन भाऊ आणि वाटणी. ती ऐंशी पानांवर अडकली आहे. जानेवारीत अठरा दिवसांची रजा काढून मालवणच्या दक्षिणेला कर्ली खाडीकाठी एका मासेमार कुटुंबाकडे जाऊन राहिलो. मोबाइलला रेंज नाही, टीव्ही नाही. पहाटे घरातल्या आबांबरोबर गळ टाकायचा आणि सात ते दहा लिहायचं, असा बेत होता. अमेरिकन लेखक हेमिंग्वेला कोळ्यांच्या गावात कादंबरी सापडली, तर आपल्याला निदान एक प्रकरण तरी सापडेल, असं वाटलं होतं. पहिले तीन दिवस छान गेले, साडेचार पानं झाली. मग सगळं आटलं. शेवटच्या आठवड्यात तर लॅपटॉप उघडलाही नाही. आता जूनपासून तीन महिने बिनपगारी रजा घेऊन पुन्हा तिथेच जावं असं मनात आहे. बायको म्हणते, "इथे तुला कोण अडवतंय?" माझ्यातलं लिहिणंच संपलंय, की अठरा दिवस कमी पडले? आणखी एक. घरच्या वहिनींनी एका संध्याकाळी त्यांच्या भावाची गोष्ट सांगितली, ती डोक्यातून जात नाही. ती लिहिली तर चालेल का?

उत्तर

नमस्कार,

तुमचं पत्र सात पानी होतं. वर त्याचा अर्क दिलाय, पण मी सातही पानं दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना भिंतीवरचं कालनिर्णय काढून शेजारी ठेवलं. का, ते सांगते.

माझं माहेर वेंगुर्ले तालुक्यातलं. त्यामुळे तुमच्या पत्रातल्या काही गोष्टी तुम्हाला दिसल्या त्यापेक्षा मला वेगळ्या दिसल्या. तुम्ही लिहिता की पोहोचलात त्या संध्याकाळी खाडीवर "डोक्यावर बरोब्बर अर्धा चंद्र" होता. म्हणजे शुद्ध अष्टमी, फार तर नवमी. आमच्याकडे भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा. पहाटे सहाला भरती आणि पुन्हा संध्याकाळी सहाला. नवमीला पावणेसात. दशमीला साडेसात. रोज साधारण पाऊण तासाने पुढे. खाडीत आत गेलं की अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण गळ टाकणाऱ्याला एवढं पुरतं.

आता तुमचे पहिले तीन दिवस बघा. पाणी चढत असताना मासा आत येतो, म्हणून आबा तुम्हाला पहाटे चारला उठवून न्यायचे. सहा-पावणेसातला, तिसऱ्या दिवशी साडेसातला पाणी तुडुंब भरलं की गळ गुंडाळायचा, घरी येऊन चहा घ्यायचा आणि लिहायला बसायचं. अगदी जुळलेलं वेळापत्रक होतं. साडेचार पानं झाली ती याच दिवसांत. चौथ्या दिवशी एकादशी, भरती सव्वाआठला. पाचव्या दिवशी नऊला. पौर्णिमेपर्यंत ती सव्वाअकरावर गेली. म्हणजे तुमची सात ते दहाची लिहिण्याची वेळ नेमकी चढत्या पाण्याखाली बुडाली. एकीकडे अडलेलं प्रकरण आणि दुसरीकडे मासे लागायची हमखास वेळ, असं पुढ्यात आल्यावर तुम्ही कुठे गेलात ते तुम्हीच लिहिलंय: "मन लागेना म्हणून आबांबरोबर गेलो." मी असते तर मीही गेले असते.

म्हणजे तुम्ही ज्याला "आटणं" म्हणताय, तो निम्मा तरी तिथीचा खेळ होता. आणि गंमत अशी की पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात वद्य सप्तमी-अष्टमीला भरती पुन्हा पहाटे सहाच्या आसपास आली होती, सकाळ पुन्हा मोकळी झाली होती. पण तोवर तुम्ही मनाशी निकाल लावून मोकळे झालेले, लॅपटॉप बॅगेत. मध्ये दोन दिवस शिंगाळा माशाचा काटा बोटात गेला म्हणून हात सुजलेला, तेही आलंच. (कुणालाही हा काटा लागला तर हात सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, ठणका कमी होतो. आणि काटा आत मोडला असेल किंवा सूज वाढत असेल तर डॉक्टर गाठायचा. तुम्ही बर्फ लावत बसलात, असं लिहिलंय. घरात कुणाला विचारलं असतंत तर लगेच कळलं असतं.)

सगळं खापर चंद्रावर फोडून तुम्हाला मोकळं सोडणार नाही मी. पण "माझ्यातलं लिहिणं संपलं का" हा प्रश्न विचारण्याआधी "मी कोणत्या वेळेला काय करत होतो" हे तपासायला हवं. लिहिणारी माणसं पहिल्या प्रश्नावर उगाच वर्षंच्या वर्षं घालवतात.

आता हेमिंग्वे. तुम्ही त्याचं नाव काढलंत, आणि अशी पत्रं मला दर दोन-तीन महिन्यांनी येतात, म्हणून जरा सविस्तर बोलते. म्हातारा कोळी आणि त्याचा मोठा मासा ही त्याची 'द ओल्ड मॅन अँड द सी'मधली गोष्ट आपल्याकडे पु. लं.नी 'एका कोळियाने' या नावाने आणली, त्यामुळे मराठी वाचकाच्या मनात हवानाजवळचं ते कोळ्यांचं गाव आणि हेमिंग्वेची लेखणी एकमेकांना चिकटूनच बसली आहेत. गाव खरं आहे. कोहीमार त्याचं नाव, आणि हेमिंग्वेची 'पिलार' नावाची बोट तिथे असायची. पण तो लिहायचा कुठे? कोहीमारच्या धक्क्यावर नाही. हवानाच्या बाहेर, टेकडीवरच्या स्वतःच्या घरात. सकाळी लवकर उठून, ठरलेल्या जागी. मासेमारी वेगळी, लिहिणं वेगळं.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. एका म्हाताऱ्या कोळ्याने एकट्याने मोठा मासा पकडला आणि शार्कांनी तो होडीलगतच खाल्ला, हा किस्सा हेमिंग्वेने एका अमेरिकन मासिकातल्या लेखात छापला तो १९३६ साली. थोडक्यात, काही ओळींत. कादंबरी आली १९५२ मध्ये. मधली सोळा वर्षं मोजा. एवढ्या काळात त्याने एक युद्ध पाहिलं, दुसरं पाहिलं, लग्नं केली, मोडली, दुसरी पुस्तकं लिहिली आणि मासे तर अखंड पकडले. तुम्ही अठरा दिवसांनी हिशेब मांडायला बसलात!

म्हणून तुमच्या पत्राच्या मुळाशी जे गृहीत आहे, त्यालाच मी हात घालते. तुम्हाला वाटलं की ती जागा तुमची अडलेली कादंबरी पुढे ढकलेल. पण विचार करा. वाडा पेठेतला, भाऊ तिघे, भांडण जिन्याखालच्या खोलीवरून आणि सामाईक नळावरून. या प्रकरणात कर्लीची खाडी काय बोलणार? तिला त्यातलं काही माहीतच नाही. ती तिच्याजवळचं देणार: चिखल, कांदळवन, कालवं, आबांच्या बोटांची पेरं. ते ती देत होती, आणि तुम्ही वाड्याची फाइल उघडून तिच्याकडे पाठ करून बसला होतात. मग दुपारी लिहून झालं नाही म्हणून चिडून समुद्राकडे बघत बसायचात. तुमच्या पत्रात सूर्यास्तावर दोन पानं आहेत. स्पष्ट बोलते, राग मानू नका: ती दोन पानं कुणीही, कुठेही बसून लिहिली असती.

पण पाचव्या पानावर एक परिच्छेद आहे. तिथे मी थांबले.

तुमच्या गळाचा तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, गुंतला होता. तुम्ही कात्री मागितलीत. आबा म्हणाले, "कापू नकात. तुमी कापलास तर आखूड जातला." आणि ते पडवीच्या पायरीवर बसले. गुंता मांडीवर घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, कारण जवळचं त्यांना चष्म्याशिवाय जास्त चांगलं दिसतं. टोक शोधलं नाही. तुम्ही नीट पाहिलंत आणि नीट लिहिलंत: त्यांनी टोक शोधलंच नाही, मधूनच सैल करायला सुरुवात केली. एक एक वेढा नखाने उचलून मोठा करत गेले, ओढलं कुठेच नाही. नातवाला हाक मारून शिशाचं वजन धरायला लावलं. अर्धा तास झाला, मग आतून जेवायला हाक आली.

एवढंच. आठ-नऊ ओळी. त्यांत तुमचं एकही विशेषण नाही, 'जणू' नाही, आयुष्याचं तत्त्वज्ञान नाही. लिहिणं संपलेल्या माणसाला 'टोक शोधलंच नाही' असं वाक्य सुचत नसतं. तुम्ही ते सल्ला मागण्याच्या नादात, बेसावध असताना लिहून गेलात. लॅपटॉपसमोर सात ते दहा बसून जे आलं नाही, ते बायकोबद्दल तक्रार करता करता पत्रात आलं!

तेव्हा पहिला सल्ला. तुमच्यासाठी आणि तुमच्यासारखंच डोंगरावर, आश्रमात, शेतावर लिहायला जाऊ पाहणाऱ्या सगळ्यांसाठीही. नव्या जागी जाताना अडलेलं हस्तलिखित बरोबर नेऊ नका. ते घरी ठेवा. खिशात मावेल अशी वही न्या आणि त्या दिवशी जे पाहिलं ते त्याच रात्री दहा-बारा ओळींत उतरवा. वर्णन नको. कोण काय करत होतं, हात कुठे होते, वस्तूचं नाव काय. नाव माहीत नसेल तर विचारा. गळाच्या काट्याला गरी म्हणतात, गळाने मासे पकडायला जाणं म्हणजे गरवायला जाणं. हे शब्द तुम्हाला अठराव्या दिवशीही माहीत नव्हते, कारण पत्रात सगळीकडे 'फिशिंग' आहे. शब्द विचारला की माणूस बोलायला लागतो. "समुद्राचं गूढ तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं की तो गप्प बसतो.

हो, हे तुम्ही खरंच विचारलंत. आणि आबांचे चिरंजीव म्हणाले, "गूढ काय तां म्हायत नाय, पण पर्ससीनवाल्यांनी काय ठेवल्यानी नाय." मग ते डिझेल परताव्यावर घसरले आणि तुम्ही कंटाळलात. अहो, तिथेच तर कान टवकारायचे! पर्ससीन म्हणजे माशांचा अख्खा थवा वेढून ओढणारं मोठं जाळं. या जाळ्यांवर राज्य सरकारने २०१६ च्या फेब्रुवारीत निर्बंध आणले, एलईडी दिवे लावून मासेमारी करायला २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली, आणि तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतोच, असं किनाऱ्यावरचा माणूस सांगतो. ज्याची रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) वर्षानुवर्षं अर्धी रिकामी येते, त्याच्या घरी तुम्ही अठरा दिवस जेवलात. त्याचं मन त्या उजेडावर लागलेलं, तुमचं सूर्यास्तावर. तुमच्यासाठी जे 'रिट्रीट' होतं, ते त्यांच्या कामाचं ठिकाण होतं. कारखान्यात जाऊन शांतता शोधावी तसा हा प्रकार झाला.

लहानपणी आम्ही मामाकडे असताना पहाटे रापण ओढायला जायचो. होडीतून जाळं अर्धगोल टाकत न्यायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडून वीस-तीस माणसं दोर ओढतायत. आम्हा पोरांच्या ओढण्याने काय होणार होतं? पण दोराला हात लावला की शेवटी मूठभर तरी बांगडे, तारल्या पदरात पडायच्याच. लांब उभं राहून बघणाऱ्याला मात्र वाटा नसायचा, मग तो पाहुणा असो की सरपंच. पुढच्या वेळी सकाळी किनाऱ्यावर रापण लागलेली दिसली तर खुर्ची टाकून बसू नका, चपला काढून दोर धरा.

आता तीन महिन्यांच्या रजेचं. माझं मत विचारत असाल तर नको. पैशाचं कारण आहेच, पण त्याहून मोठं कारण आहे महिना. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला, पर्यटन मिटलेलं, खाडीला लाल पाणी. त्या दिवसांत खडकावर एकट्याने गळ घेऊन उभं राहणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, दरवर्षी माणसं वाहून जातात. तुम्हाला जानेवारीची खाडी हवी आहे आणि तुम्ही जूनची तिकिटं काढताय. उलट, आबांशी बोलायचं असेल तर पाऊस चांगला, कारण जाळी दुरुस्त करायला माणसं घरी बसलेली असतात, सुकं काढलेलं असतं, गप्पांना वेळ असतो. पण त्यासाठी चार-पाच दिवस पुरतात. नारळी पौर्णिमेला जाऊन या. मग दिवाळीनंतर चार दिवस. मग पुन्हा जानेवारीत. त्याच घरी. एकाच घराला वर्षात तीनदा गेलं की पाहुणचाराचं आवरण गळतं आणि तुम्हाला पाटावर बसवून वाढायचं सोडून "ती पाटी जरा हयसर (इकडे) घेवा" म्हणून सांगायला लागतात. लिहिणाऱ्याला त्याहून जास्त काय हवं? बिनपगारी तीन महिन्यांच्या छायेत मात्र प्रत्येक सकाळ 'आज किती पानं झाली' असं विचारत उठेल. अठरा दिवसांचा ताण तुम्हाला झेपला नाही, नव्वद दिवसांचा कसा झेपेल?

जाल तेव्हा लिहिण्याची वेळ घड्याळावर नाही, पाण्यावर बांधा. निघण्याआधी तिथी बघा. अष्टमीच्या आसपास पोहोचलात तर सकाळ लिहायला, पहाट गळाला. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास असाल तर सकाळचं चढतं पाणी गळाला द्या आणि दुपारी जेवणानंतर पाणी उतरायला लागलं की वही उघडा. आणि ओहोटीला वहीही नको वाटली तर बायका कोयती घेऊन खडकावरची कालवं फोडायला जातात, तिकडे जा. तिथे जे बोलणं चालतं ते पुरुषांच्या गप्पांहून कितीतरी रंगतदार असतं. अर्थात, आधी वहिनींना विचारून. कुणी न बोलावता पुरुष माणूस तिथे जाऊन उभा राहिला तर बोलणं थांबतं.

कादंबरीचं काय? ती पुण्यातच लिहावी लागेल. वाडा तिथे, भाऊ तिथे. तुमच्या पत्रात एक वाक्य सहज आलंय, की वाटणीनंतर थोरल्या चुलत्यांनी सामाईक जिन्यावर रेघ मारली होती, निम्म्या पायऱ्या माझ्या म्हणून. ते खरं असेल तर ऐंशी पानांवर अडायचं कारण प्रेरणा नसावं. पुढचं पान लिहिलं तर कुणीतरी नातेवाईक दुखावेल, हे कारण असावं. मी चूक असू शकते. पण हे असं असलं तर अंदमानला जाऊन राहिलात तरी एक्याऐंशीवं पान येणार नाही. आधी कुणासाठी हात अडतोय ते स्वतःशी बोला. चुलते हयात आहेत का, त्यांचे मुलगे तुमच्याशी बोलतात का, छापून आलं तर काय होईल, याचा विचार करा. छापायचं नंतर बघू, आधी लिहून तर ठेवा, अशीही सोय असते.

आणि बायकोचं "इथे तुला कोण अडवतंय?" हे टोमणा म्हणून ऐकू नका. प्रश्न म्हणून ऐका. त्याचं खरं उत्तर तुम्ही पत्रात चुकवलंय. कोण अडवतंय? संध्याकाळी सात ते नऊ तुम्ही फोन बघता, हे तुमचंच वाक्य. रेंज नसलेल्या गावात फोन सुटला, म्हणून पहिले तीन दिवस बरे गेले, हीही एक शक्यता आहेच. त्यासाठी इतक्या लांब जायची गरज नाही, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावला तरी चालतं. शिवाय, तुम्ही अठरा दिवस गेलात तेव्हा घरी काय झालं याबद्दल सात पानांत एक ओळ नाही. सासूबाईंचं औषधपाणी कोण बघत होतं? 'मला प्रेरणा हवी' म्हणून कुणी तीन महिन्यांची रजा मागितली तर घरातल्या माणसाला ती सुटीच ऐकू येते. "नारळी पौर्णिमेला चार दिवस जातो, नंतरच्या चार दिवसांत तू कुठे जाणार ते सांग," असं विचारून बघा.

इथे थोडं विषयांतर. हे सदर वाचणाऱ्या काही बायका आता वैतागल्या असतील. ज्यांना घरात टेबल नाही, ज्यांच्या दाराला आतून कडी लावली की "काय झालं?" म्हणून हाक येते, त्यांची पत्रंही माझ्याकडे येतात. त्यांना मी 'घरीच बसून लिहा' असं सांगत नाही. कुठल्याही धर्मशाळेत तीन दिवस मिळाले तर जाच. तिथे प्रेरणेचा काही संबंध नसतो, कुणीतरी आयतं ताट पुढ्यात ठेवतं एवढीच गोष्ट असते, आणि ती पुरते. तुमच्याकडे स्वतंत्र खोली आहे, टेबल आहे, टेबलाला कुलपाचा खणसुद्धा आहे असं तुम्ही लिहिलंय. म्हणून तुम्हाला सल्ला वेगळा.

माझंही सांगते. काही वर्षांपूर्वी मी दहा दिवस माहेरच्या रिकाम्या घरात लिहायला म्हणून गेले होते. शेजारच्या म्हाताऱ्या काकी रोज कुंपणावरून विचारायच्या, "लिवक हयसर कित्याक येवक व्हया गो?" (लिहायला इथे कशाला यायला हवं गं?) मला उत्तर देता आलं नाही. दहा दिवसांत मी माळा साफ केला, विहिरीवरचा रहाट दुरुस्त करून घेतला आणि एक वाणसामानाची यादी लिहिली. यादी अजून आहे. तीन वर्षांनी एका कथेत तो रहाट आला, त्याच्या कुरकुरीसकट. आणायचा म्हणून आणला नव्हता.

पुण्यातच गळ टाकून मन शांत करायचं असेल तरी हरकत नाही, पण एक लक्षात ठेवा: आपल्याकडच्या बहुतेक धरणांतले मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. विचारल्याशिवाय बसू नका.

राहिला वहिनींचा भाऊ. त्यांनी जे सांगितलं ते इथे मी मुद्दामच दिलेलं नाही, आणि हेच माझं अर्धं उत्तर समजा. तुम्ही म्हणता नाव बदलेन, गाव बदलेन. ज्या वाडीत सगळी मिळून पन्नास-साठ घरं, तिथे 'बोट परत आली पण तो आला नाही' एवढं लिहिलं तरी कोण ते कळतं. नाव बदलून फक्त पुण्यातल्या वाचकापासून लपवता येतं, मालवणातल्या नाही. म्हणून विचारा. फोनवर नको, पुढच्या खेपेला समोर बसून. "तुम्ही सांगितलंत ते माझ्या मनात राहिलंय, लिहू का?" त्या नको म्हणाल्या तर विषय संपला, आडून लिहायचं नाही. हो म्हणाल्या तर लिहून झाल्यावर वाचून दाखवा, आणि त्यांच्या तोंडी मालवणी घालणार असाल तर तेव्हाच घाला. चुकीच्या मालवणीची आम्हाला नाटकं-मालिकांमुळे सवय झाली आहे, पण स्वतःच्या मेलेल्या भावाची गोष्ट चुकीच्या बोलीत ऐकायची वेळ कुणावर आणू नये. आणि एक वाट आणखी आहे: ती गोष्ट सांगणारीची म्हणून न लिहिता ऐकणाऱ्याची म्हणून लिहिता येते. पडवीत बसलेला पुण्याचा पाहुणा, हातात स्टीलचा कप, काय बोलावं हे कळत नाही. तो माणूस तुम्ही आहात. त्याच्याबद्दल लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

सध्या मात्र दुसरं काही करू नका. पाचव्या पानावरचा तो परिच्छेद माझ्याकडून परत पाठवतेय, पत्राच्या त्या पानाची झेरॉक्स सोबत आहे. तो पुढे लिहा. कारण तुम्ही जेवायची हाक आली म्हणून तिथून उठलात आणि मग पत्रात डासांवर गेलात. तंगूस सुटला की नाही, ते सांगितलंच नाहीत.